सॅल्यूटला न उठणारा हात

घाटकोपरला भटवाडीत, आमच्या चाळीमागच्या नाल्यात मी लहानपणी मगर पाहिली होती. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती पालीपेक्षा जराशी मोठी होती. मग दरवर्षी वाढत गेली. मी दहावीला पोचले तोवर तिने एक डुक्कर, दोन गाद्या आणि नाला साफ करणाऱ्यांचं एक फावडं गिळलेलं होतं. कोणी शंका काढली की मी पवईकडे बोट दाखवायचे. पवईच्या तलावात मगरी आहेत हे सगळी मुंबई मानते. तिथून घाटकोपरला यायला मगरीला काय पास काढावा लागतो?

नाव प्राजक्ता, हाक प्राजू, आणि चाळीने दिलेली पदवी ‘बंडल’.

हे लिहिते आहे ते माझ्या उजव्या हाताच्या आजारपणाबद्दल. ज्या मुलींनी वर्दीत असताना तोंड उघडलं आणि मग ज्यांना गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी हे वाचावं. त्यांच्या घरच्यांनी तर वाचावंच. यात मी जागोजागी मीठमसाला घालणार. सवयच आहे ती, आणि आजारपण नुसतं उकडून कोणाला जातं? फक्त एक जागा अळणी आहे. ती आली की तुम्हाला कळेल.

शिपाई

आजोबा गिरणीत होते, गिरणी गेली. पप्पा इथल्याच एका शाळेत शिपाई झाले. मुलींची भरती निघाली तेव्हा मी फौजेत शिपाई झाले. घराण्यात पद तेच राहिलं, फक्त बंदूक वाढली.

ट्रेनिंग पुरं करून घरी आले तर नाक्यावर माझा फ्लेक्स. ‘आमच्या विभागाची रणरागिणी.’ त्यावर विभागातल्या पुढाऱ्यांचे चेहरे टरबुजाएवढे आणि रणरागिणी कोपऱ्यात, लिंबाएवढी. पप्पा त्या फ्लेक्सखालून दिवसातून पन्नास वेळा जायचे. दूध संपलं नसलं तरी दूध आणायला जायचे. आमच्या घरी त्या आठवड्यात एवढं दूध साठलं की आईने अख्ख्या चाळीला खरवस वाटला. (खरवस चिकाचा होतो, मला माहीत आहे. म्हटलं ना, मीठमसाला.)

पोस्टिंग मिळालं उत्तरेतल्या एका छावणीत. जागेचं नाव लिहीत नाही, युनिटचंही नाही. तिथे मला सगळे ‘मुंबई’ म्हणत. बडाखाना असला, म्हणजे साहेब लोक आणि जवान एकत्र जेवायला बसले, की जेवणानंतर कोणीतरी हाक द्यायचं, “ए मुंबई, सुना कुछ.” मग मी अस्वलाची गोष्ट सांगायचे, जे आमच्या चौकीवर येऊन बिडी मागतं. सीओ साहेब, म्हणजे युनिटचे प्रमुख, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. मला वाटायचं, झकास. इथे आपलं चांगलं चाललंय.

आता ती अळणी जागा.

रविवार होता. आमच्या कंपनीच्या मेजर साहेबांनी स्टोअरमधली ब्लँकेटं लावायला मला एकटीला बोलावलं. मी आत गेल्यावर त्यांनी दाराची कडी लावली. मी नाही म्हटलं. परत म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. नंतर त्यांनी कडी काढली आणि राहिलेलं काम सोमवारी कर असं सांगून ते गेले.

यात वाढवण्यासारखं काही नाही. कमीही करता येत नाही.

दरबार

फौजेत कुठलीही गोष्ट वर जाते ती प्रॉपर चॅनलने. शिपायाला सीओ साहेबांना भेटायचं असेल तर आधी आपल्या कंपनीच्या कमांडरसमोर मार्च करत जायचं, सॅल्यूट करायचा आणि भेटीचं कारण सांगायचं. माझा कंपनी कमांडर म्हणजे तेच मेजर साहेब. चोरीची तक्रार करायला ठाण्यात जावं आणि वही उघडून चोरानेच विचारावं, “बोला, काय गेलं?”

माझ्या शेजारच्या पलंगावर सुमन असायची, हरियाणाची. तिला मी त्या संध्याकाळीच सांगितलं. तिने माझे बूट काढले, पाणी दिलं, आणि म्हणाली, “बोलना मत. इथे बोलणारीचं काय होतं, मी बघितलंय.”

“काय होतं?”

“ती खोटी होते.”

मी ऐकलं नाही. घाटकोपरची ना मी.

महिन्यातून एकदा दरबार भरतो. सिंहासन वगैरे काही नसतं. सगळे जवान सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि समोर खुर्चीवर सीओ साहेब. शेवटी ते विचारतात, “किसी का कोई पॉइंट?” रीत अशी, की पॉइंट आधीच वर कळवून मंजूर झालेला असतो. कँटीनमध्ये साबण नाही, टीव्हीला सिग्नल नाही, असले. ठरलेला माणूस उठतो, ठरलेलं विचारतो, ठरलेलं उत्तर मिळतं. न कळवता कोणी उठत नाही.

मी उठले. “सर, मुझे कुछ बताना है.”

आणि सगळे हसले.

त्यांना वाटलं, मुंबई सुरू झाली. मागून आवाज आला, “आज भालू ने क्या माँगा?” सीओ साहेबही खुर्चीत मागे रेलले, बडाखान्याला रेलतात तसे. मी बोलत राहिले. ते हसणं पटकन थांबलं नाही. बटण बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो, तसं ते फिरत राहिलं, आणि माझं पहिलं वाक्य त्यातच गेलं. मेजर साहेब पुढे खुर्चीवर बसले होते. तेही हसत होते.

नंतर ऑफिसात सीओ साहेब म्हणाले, “बेटा, ऐसी बातें दरबार में नहीं करते.” मी विचारलं, मग कुठे करतात. ते म्हणाले, प्रॉपर चॅनल.

हात

कमिटी बसली. कमिटी उठली. पुन्हा बसली. सुमनने लिहून दिलं की तिला काही माहीत नाही. तिच्या पगारावर घरची पाच माणसं होती. मी तिच्याशी भांडले नाही, फक्त दुसऱ्या पलंगावर झोपायला गेले. मेजर साहेब तिथेच होते, कारण चौकशी पुरी होईपर्यंत त्यांच्यावर अन्याय नको. मीही तिथेच, कारण चौकशी पुरी होईपर्यंत मला हलवता येत नव्हतं. रोज सकाळी ते समोरून यायचे आणि मी सॅल्यूट करायचे. सॅल्यूट माणसाला नसतो, पदाला असतो, असं आम्हाला शिकवतात. माझ्या डोक्याने ते मान्य केलं होतं.

हाताने केलं नाही. एका सकाळी तो निघाला, छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला, दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकावी तसा. मी त्याला मनातल्या मनात मालवणीत शिव्या घातल्या. आमच्या गावच्या देवाला, वेतोबाला, केळ्यांचा घड बोलले. हात हलेना. मेजर साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, “क्या हुआ, मुंबई? अब हाथ भी नाटक करता है?”

आधी माझ्यावर सॅल्यूट न केल्याचा चार्ज लागला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की चार्जपेक्षा इस्पितळ सोपं.

वॉर्ड

मानसोपचाराच्या वॉर्डात बायकांची सोयच नव्हती. म्हणून मला बाळंतिणींच्या शेजारच्या खोलीत ठेवलं, दाराशी पहारा. पायजम्याची नाडी काढून घेतली. सकाळी चहा, गोळी, जीभ वर करून दाखवा. दुपारी डाळ, गोळी, जीभ. शेजारी रोज कोणीतरी जन्माला यायचं, आणि नातेवाईक दार चुकून माझ्या हातात पेढे ठेवायचे, “मुबारक हो.” मी सगळे पेढे खाल्ले. त्या काळात मला बरं वाटेल असं कोणी काही केलं असेल तर ते त्या दार चुकलेल्या माणसांनी.

निदानाचा दिवस चांगला आठवतो. खांद्याचे फोटो झाले, मानेचे झाले, मेंदूचाही झाला. खांदा निर्दोष, मान निर्दोष, मेंदू निर्दोष. अंगातला एकेक अवयव निर्दोष सुटत होता आणि गुन्हेगार मात्र मीच. डॉक्टर कर्नल होते. माझ्याकडे न बघता सिस्टरना म्हणाले, हा मनाचा आजार आहे, हात त्यामुळे उठत नाही. मला हायसं वाटलं. निदान नाव तरी मिळालं. मग ते म्हणाले, “तक्रारही त्यातूनच आलेली दिसते.”

म्हणजे आधी आजार, आणि आजारातून तक्रार. मी म्हणत होते, आधी ते स्टोअर, आणि त्यातून आजार. त्यांचा क्रम लागला तर माझी तक्रार म्हणजे तापातली बडबड. ताप उतरला की विषय संपला, मला घरी पाठवा. माझा क्रम लागला तर एका माणसाला उत्तर द्यावं लागणार होतं. या पुढचं सगळं भांडण त्या क्रमाचं आहे.

आणि मीच त्यांच्या हातात कोलीत दिलं. एका बाळंतिणीचं रडणं थांबेना, म्हणून पहाऱ्याला विचारून मी तिच्या उशाशी बसले आणि अस्वलाची गोष्ट सांगितली. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं, एवढं उंच, आणि माझा उजवा हात सरळ डोक्याच्या वर. सिस्टर दारातच उभी होती. तिने पाहिलं, मीही पाहिलं. हात खाली आला आणि पुन्हा उचलू म्हटलं तर उठेना. पण तोवर लिहून झालं होतं: पेशंट गोष्टी सांगताना हात व्यवस्थित उचलते.

कडी

सिक लीव्हवर घरी पाठवलं. पप्पांनी नाक्यावरून घरी येताना मुद्दाम लांबचा रस्ता धरला. का, ते नंतर कळलं. माझा फ्लेक्स उतरवून कोणीतरी झोपडीच्या छपरावर घातला होता. रणरागिणी पालथी. पण पाणी गळत नव्हतं म्हणे, म्हणजे देशसेवा चालूच होती.

घरी एवढंच सांगितलं होतं की हाताला काहीतरी झालंय. आई रोज खोबरेल तेल चोळायची. “ताप नाय, सूज नाय, मगे हात वर कित्याक जायना गो?” माझी वेणी तीच घालायची, कारण मला मागे हात नेता येत नव्हता. आणि दार. आमची आई म्हणजे भरदुपारी दोन कड्या आणि वर साखळी लावणारी बाई. पहिल्याच दिवशी तिने कडी लावली आणि माझ्या हातातला कप खाली पडला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्यापासून तिने कडी लावणंच सोडलं. दार नुसतं लोटून ठेवायची आणि चोर येऊ नये म्हणून स्वतः उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसायची. काय, का, एक शब्द विचारला नाही. घरात कोणी आजारी असेल तर मी हेच सांगेन. सगळं समजल्याशिवाय मदत करता येत नाही, असं काही नसतं.

पप्पांशी बोलणं कमी झालं होतं. त्यांना विचारायचं होतं आणि मला सांगायचं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात माणसं एकमेकांना किती चुकवू शकतात, ते कधीतरी येऊन बघा.

पालिकेच्या इस्पितळात मानसोपचाराच्या मॅडमनी गोळ्या बदलल्या आणि मला नाझनीनकडे पाठवलं. नाझनीन फिजिओथेरपिस्ट. गोवंडीची, माझ्याच वयाची, बोलायला माझ्याहून फटकळ.

“उठतो कधी का हात?” तिने विचारलं.

मी डाव्या हाताने ओढणी सारखी केली.

“बोल ना यार. मी काय तुझी साहेब नाही.”

“बंडल मारताना उठतो.”

मला वाटलं, आता ही पण लिहून घेणार. तिने पेन खाली ठेवलं. “मग मार. आपल्याकडे वेळ आहे.”

तिने मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. घरात लाइट आहे, बल्ब चांगला आहे, तारही तुटलेली नाही. पण एका बटणाला हात लावला की शॉक बसलेला, म्हणून ते बटण आता कोणी दाबत नाही. दुसऱ्या बटणाने तोच बल्ब लागतो. “नाटक करणारा माणूस एकटा असताना हात वर करतो,” ती म्हणाली. “तू बाथरूममध्ये एकटी असतेस तेव्हा डोक्यावर पाणी कुठल्या हाताने घेतेस?”

“डाव्या.”

“बस.”

मी तिथे बसून रडले. लोक म्हणतात तसं मन वगैरे हलकं झालं नाही, नाक चोंदलं. पण एक गोष्ट सुटली. मी आजारी आहे, हे मी तोवर कबूल करत नव्हते. कबूल केलं की ते जिंकले, असं वाटायचं. नाझनीन म्हणाली, “ट्रकने उडवल्यावर पाय मोडला, तर पाय मोडलाय म्हणायला लाज कसली? ट्रक होता की नाही, हा वेगळा विषय.” तुमच्यापैकी कोणी या जागेवर अडकली असेल तर हे वाक्य घेऊन जा. गोळी घ्या, आणि तक्रारही मागे घेऊ नका. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

कांदेपोहे

मी युनिटच्या वरच्या ऑफिसला तक्रार लिहिली होती, त्याच्याही वरच्याला लिहिली होती. शेवटी नवी चौकशी बसायची ठरली, युनिटच्या बाहेरच्या अधिकाऱ्यांची. पण त्याआधी एका सकाळी, मी नाझनीनकडे गेलेली असताना, आमच्या घरी दोन माणसं आली. फौजेतर्फे विचारपूस करायला आलोय म्हणाली.

मी परतले तर पप्पा किती दिवसांनी खुशीत. टेबलावर कांदेपोह्यांच्या रिकाम्या बशा.

“किती चांगली माणसं गं,” पप्पा म्हणाले. “तुझ्या लहानपणाचं सगळं विचारत होते. मी मगर सांगितली. तू शाळेत सांगितलं होतंस ना की आमच्या पप्पांनी वाघ मारलाय, तेही सांगितलं. काय हसले. एक जण तर लिहून घेत होता.”

“लिहून घेत होता?”

“आवडलं असेल त्याला.”

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पोहे आणि मग पोरांचं कौतुक, हा नियम आहे. मुलगी हुशार आहे असं थेट म्हणायचं नाही, नजर लागते. तिच्या खोड्या सांगायच्या. पप्पांनी माझं कौतुकच केलं होतं. समोरच्यांनी ते जबानी म्हणून नेलं.

मी त्यांना काही बोलले नाही. काय बोलणार? त्यांना माहीतच नव्हतं की कसली चौकशी.

मग ती दुपार. गॅलरीत शेजारच्या बायका बसल्या होत्या, मी त्यांना बर्फातल्या चित्त्याची गोष्ट सांगत होते. चित्त्याने उडी मारली, आणि हात गेला वर. पप्पा भाजीची पिशवी घेऊन जिन्यातून येत होते. ते थांबले. मग पिशवी घेऊन तसेच घरात गेले. मी मागोमाग गेले.

“हात बरा झालेला दिसतो,” ते म्हणाले.

“नाही झाला.”

“उचल बघू.”

मी प्रयत्न केला. छातीपर्यंत आला, थांबला.

पप्पा खुर्चीत बसले. “प्राजू, खरं सांग. यात बंडल किती?”

मी खाली बसले आणि आईने निवडायला दिलेली मेथी मांडीवर ओढली. तिच्यात बोटं रुतवून मी सगळं सांगितलं. रविवार, स्टोअर, कडी, दरबार. वर लिहिलंय तेवढंच, त्याच शब्दांत. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने गॅस बंद केला. पप्पा माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, खाली बघत होते. सांगून झाल्यावर ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. परत आले तेव्हा कोणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी धरून चालले की पप्पांनाही ते खोटंच वाटलं. दरबारात सगळे हसले त्याचं एवढं लागलं नव्हतं.

व्हय म्हाराजा

चौकशीच्या दिवशी सकाळी आईने देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. खरं तर हे पुरुषाने घालायचं असतं. आमच्याकडे पप्पा घालतात. पण पप्पा बोलत नव्हते, म्हणून आई उभी राहिली.

“बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक एका माणसान दाराक कडी घालून वायट केल्यान रे म्हाराजा.”

गाऱ्हाण्यात प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. घालणारा एकटा बोलत नाही. त्याचं म्हणणं खरं की खोटं, कोणी विचारत नाही. सगळे व्हय म्हणतात आणि मग देवाने बघायचं. दरबारात एवढी माणसं होती, आणि एकाने तेवढं म्हटलं असतं तर.

घरात आम्ही तिघंच. मी म्हणणार तेवढ्यात मागून पप्पांचा आवाज आला, घोगरा. “व्हय म्हाराजा.”

“तिना तोंड उघडल्यान, तर तिकाच वेडी ठरवतत रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तिच्या शब्दाक उजवो कौल दी, आणि तेका तुझ्या चावडीर उभो कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मग पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. त्यांनाही बोलावणं होतं, जबानी कायम करायला.

चौकशी उपनगरातल्याच एका लष्करी डेपोत बसली होती. टेबलामागे तीन अधिकारी, मधे एक कर्नल साहेब (इस्पितळातले डॉक्टर नव्हेत, दुसरे), त्यांच्या बाजूला एक मॅडम. आत गेल्यावर सॅल्यूट करायचा असतो. मी सावधान उभी राहिले आणि म्हटलं, सर, हात उठत नाही. कर्नल साहेबांनी मान हलवली आणि सिस्टरने लिहिलेलं वाचून दाखवलं. मग पप्पांचं. ‘मुलीला लहानपणापासून कल्पित गोष्टी रचून सांगण्याची सवय. वडिलांनी स्वतः अनेक प्रसंग सांगितले.’ मगर होती त्यात. वाघही होता. टाइप केलेली मगर फार केविलवाणी दिसते.

मॅडम नागपूरच्या निघाल्या. त्यांनी पप्पांना मराठीतच विचारलं, “हे तुम्ही बोललात?”

“बोललो.”

“म्हणजे मुलगी खोटं बोलते.”

“खोटं नाही मॅडम. थापा मारते.”

“फरक काय?”

पप्पा उभेच होते, शाळेत हेडमास्तरांपुढे उभे राहायचे तसे. “ही थाप मारते ना, तेव्हा हिचे हात जागेवर राहत नाहीत. लहानपणापासून. मगर सांगताना हिने समई पाडली होती. त्या सिस्टरबाईंनी लिहिलंय ते बरोबर आहे. गोष्ट सांगताना हात वर जातो, मी पण बघितलंय. आणि हे जे आहे ना, ते हिने मला सांगितलं, तेव्हा मी हिच्या हातांकडेच बघत होतो. मेथीत होते. बोट हललं नाही. पानसुद्धा हललं नाही.” त्यांनी शर्टाचं वरचं बटण चाचपलं. “मग मी बाहेर गेलो. कारण माझ्या लक्षात आलं, मी त्या दोघांना पोहे खायला घालून काय देऊन बसलो.”

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुम्ही सांगा. पहिल्यापासून.”

मी सांगितलं. तिघंही माझ्या हातांकडे बघत होते. ते बघतायत हे मला कळत होतं, आणि तरी मला ते उचलता आले नसते.

कायद्यात बसेल असा हा पुरावा नाही, हे मला समजतं. निकाल अजून आलेला नाही. मेजर साहेबांची बदली झाली असं सुमनने फोन करून सांगितलं; तिथेही मुली आहेत. फोन ठेवताना म्हणाली, मी माझं लिहिलेलं बदलायचं म्हणतेय. अजून बदललेलं नाही. माझ्या इस्पितळाच्या कागदावरचं ‘तक्रार आजारामुळे’ हे वाक्य चौकशी संपेपर्यंत रोखून ठेवलंय. माझी नोकरी बहुतेक जाणार. कडीचा आवाज अजून सोसत नाही. नाझनीनकडे अजून जाते, आणि तिच्या सांगण्यावरून भिंतीवर खडूने रेघ मारून हात तिथवर नेते. रेघ कानापर्यंत आली आहे.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. डेपोच्या गेटबाहेर आम्ही रिक्षाची वाट बघत उभे होतो. एकही थांबत नव्हती. पप्पांनी रुमालाने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

“प्राजू,” ते म्हणाले, “ती मगर. खरंच होती काय गं?”

“होती ना पप्पा.”

“केवढी?”

“तिने जबडा उघडला ना, तर नुसता वरचा दात एवढा,” आणि माझा उजवा हात गेला वर, खांद्याच्या वर, कानाच्या वर, पार डोक्याच्या वर. समोर एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाला स्वतःहून ‘घाटकोपर?’ म्हणाला. यातलं एक अक्षर मी वाढवलेलं नाही.

पप्पांनी माझ्या हाताकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

“बंडल,” ते म्हणाले, आणि रिक्षात बसून त्यांनी मला जागा केली.